बेचाळिसावा खलाशी

नेजातला विसरायला होतंय हे माझ्या लक्षात आलं ते पोह्यांमुळे. सहा वर्षं तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे यायचा, आणि सहा वर्षं मी त्याच्यासाठी बिनमिरचीचे पोहे वेगळे काढून ठेवायचे. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्याने बशी हातात घेतली, एक घास खाल्ला आणि अगदी मनापासून विचारलं, "सुप्रभा, हे काय आहे? फार छान लागतंय. मी हे आधी कधी खाल्लं नव्हतं."

माझा नवरा शशी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मला नाही वाटली. मी ब्लेचलीत बावीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून असंच सरळ, निरागस काहीतरी बोलणारी माणसं मी खूप पाहिली होती, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या, कसनुसं हसणाऱ्या त्यांच्या बायकाही.

कोर्टात शशीने स्वतःचं सगळं सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून मी हे लिहितेय.

शशी आणि मी मिरजेला मेडिकलच्या एका वर्गात होतो. एक्याऐंशी साली लग्न केलं, चौऱ्याऐंशीत इंग्लंडला आलो, चार गावं फिरून मिल्टन कीन्सला स्थिरावलो. शशी छातीच्या विकारांचा डॉक्टर. नेजात भूल देणारा. तो तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या रिझे गावचा, आमच्याच वयाचा, आमच्यासारखाच तरुणपणी इथे आलेला. दोघं एका हॉस्पिटलात चोवीस वर्षं होते आणि एकाच वर्षी रिटायर झाले. नेजातची बायको आयतेन शाळेत गणित शिकवायची. आम्हा चौघांचं जमायचं. एकमेकांकडे जेवणं, मुलांची लग्नं, सगळं.

शशीला रिटायरमेंट सोसली नाही. तो सकाळी सातला शर्ट-पँट घालून, भांग पाडून सोफ्यावर बसायचा आणि दुपारपर्यंत तसाच. काही विचारलं की हो किंवा नाही. वॉटफर्डहून दियाने, आमच्या मुलीने, फोन केला तर "आईला देतो" म्हणून फोन माझ्याकडे. त्या हिवाळ्यात मी औषधांचं कपाट कुलूप लावून ठेवायला लागले होते. हे मी शशीला आजवर सांगितलेलं नाही.

त्यातून त्याला बाहेर काढलं नेजातने. त्याच्या आजोबांचे काही कागद होते, जुन्या उस्मानी लिपीतले, अरबी अक्षरांत लिहिलेली तुर्की. ते वाचता यावेत म्हणून तो लंडनला जाऊन ती लिपी शिकला, आणि शिकता शिकता त्याला इतिहासाचं वेड लागलं. एक दिवस तो आमच्याकडे आला आणि शशीला म्हणाला, "तू फारसी शीक. तुझ्या मुघलांचे कागद फारसीत आहेत. माझ्या सुलतानांचे मी वाचतो, तुझे तू वाच. मध्ये समुद्र आहे तो दोघं मिळून बघू."

शशी पासष्टाव्या वर्षी फारसी शिकला. आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले ते सहा वर्षं उचललेच गेले नाहीत. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या लहान टेबलावर जेवायचो.

मला इतिहासात फारसा रस नव्हता, पण कानावर पडून पडून बरंच कळायला लागलं. इस्तंबूलचा सुलतान, इराणचा शहा आणि दिल्लीचा बादशाह. तिघेही मुसलमान, तिघेही एकमेकांना पत्रात भाऊ म्हणणारे, आणि समुद्रावर तिघांची एकमेकांवर नजर. बसरा सुलतानाचं, बंदर अब्बास शहाचं, सुरत बादशाहाची. सुरतेच्या व्यापाऱ्याने निळीची आणि कापडाची जहाजं कोणत्या बंदरात न्यायची, यावर यांची चढाओढ. अकबराच्या घरच्या बायका हजला गेल्या आणि तिथेच तीन-चार वर्षं राहिल्या, तेव्हा सुलतानाने त्यांना परत पाठवा म्हणून हुकूम काढले होते, हे शशीने मला मटार सोलता सोलता सांगितलं होतं. आणि या दोघांचीही रोजची चढाओढ असायचीच.

"तुमच्या बादशाहाचा मुलूख केवढा," नेजात म्हणायचा, "आणि आरमार म्हणाल तर जंजिऱ्याच्या सिद्दीच्या भरवशावर."

"आणि तुमचा कप्तान? बसऱ्याहून पंधरा जहाजं घेऊन निघाला आणि सुरतेला पोचला तो फाटक्या शिडांनी."

"वादळ होतं, शशी!"

"पोर्तुगीजांना बरं नाही लागलं वादळ?"

मग दोघं हसायचे. तो आवाज मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना ऐकायचे. शशीचं ते हसणं मला किती हवं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कुणाला कळणार नाही.

त्या कप्तानाची हकीकत खरी आहे. १५५४ साली तो बसऱ्याहून निघाला. वल्ह्यांची लांब जहाजं सुएझला न्यायची होती. वाटेत पोर्तुगीजांशी दोनदा लढाई झाली, मग वादळाने जहाजं गुजरातच्या किनाऱ्यावर आणून आपटली. परत समुद्रावर जायची कुणाची हिंमत उरली नाही. बहुतेक खलाशी गुजरातच्या सुलतानाच्या चाकरीत राहिले. कप्तान पन्नासेक माणसं घेऊन खुश्कीच्या वाटेने, दिल्ली, काबूल, इराण असं करत तीन वर्षांनी घरी पोचला. जे राहिले त्यांचं पुढे काय झालं, या प्रश्नाने या दोघांना पछाडलं होतं. दोघं मिळून जे पुस्तक लिहीत होते, त्याचं एक प्रकरण त्यांच्यावरच लिहायचं होतं.

त्यासाठी नेजातने इस्तंबूलहून काही जुन्या कागदांच्या प्रती मागवल्या. त्यात एक यादी निघाली. मागे राहिलेल्या खलाशांची, त्यांच्या घरी कळवता यावं म्हणून कुणा कारकुनाने केलेली. नाव, बापाचं नाव, गाव. एक्केचाळीस माणसं. अक्षर गिचमिड, कागद वाळवीने खाल्लेला. नेजात भिंग घेऊन एकेक नाव लावायचा आणि शशी लॅपटॉपवर टाइप करायचा. सिनोपचा खिझिर. गेलिबोलूचा मुस्तफा, वल्हेकरी. एखादं नाव लागलं की नेजात म्हणायचा, "याच्या घरी कळलं." वाचता वाचता त्याचा आवाज बदलायचा.

त्याला कारण होतं. नेजातचा मोठा भाऊ युसूफ बहात्तर साली एका मालवाहू जहाजावर आचारी म्हणून गेला होता. हँबर्गहून एक पत्र आलं, दुसरं आलंच नाही. जहाज कंपनी म्हणाली, तो बंदरावर उतरला आणि परत चढला नाही. आई मरेपर्यंत वाट पाहत होती. हे मला आयतेनने सांगितलं होतं. नेजात त्याच्याबद्दल बोलायचा नाही.

एप्रिलमध्ये शशी म्हणाला, "काल आणखी दोन नावं लागली. पानाच्या कडेला होती म्हणे." मग पाच झाली. मे महिन्यात यादी एक्केचाळिसाची त्रेपन्न झाली. शशीला ती लिपी वाचता येत नव्हती. नेजात सांगेल ते तो टाइप करायचा. त्याने पूर्ण यादी आणि प्रती लंडनच्या एका तरुण अभ्यासक मुलीला, सेव्गीला, तपासायला पाठवल्या. तिचं उत्तर आलं तेव्हा मी चहा घेऊन तिथेच उभी होते. शशीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

सेव्गीने फार जपून लिहिलं होतं. यादीत एक्केचाळीसच नावं आहेत. पुढची बारा नावं कागदावर कुठेच नाहीत, कडेलाही नाहीत. काही नावं तर त्या काळातली वाटत नाहीत. शेवटी तिने विचारलं होतं: नेजात सरांची तब्येत बरी आहे ना?

मी यादी खाली सरकवली. बेचाळिसावं नाव होतं, रिझेचा युसूफ, इस्माईलचा मुलगा, आचारी.

"नेजातच्या वडिलांचं नाव इस्माईल," मी म्हणाले.

"माहितीय मला."

"शशी, हे डोळ्यांचं नाही."

"तेही माहितीय."

"मग आयतेनला सांग. तपासण्या होऊ देत. आणि तो गाडी चालवत येतो इथे, आठवड्यातून दोनदा."

"तो उत्तम चालवतो. मागच्या आठवड्यात मी शेजारी बसलो होतो."

"मी किती जणांची लायसन्सं बंद करायला लावलीत, तुला ठाऊक आहे. सगळ्यांच्या घरचे हेच म्हणायचे."

शशीने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात लायब्ररीत आमचं भाषण आहे. तेवढं होऊ दे. नंतर मी स्वतः सांगतो. एकदा सांगितलं की सगळं संपतं, सुप्रभा. तुला माहीत आहे कसं संपतं ते."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

असं मी म्हणाले. सांगितलं मात्र नाही. मंगळवार यायचा, दार वाजायचं, शशी चपला न घालताच उघडायला धावायचा. मी पोहे करायचे. नेजात कधी चांगला असायचा, कधी तेच वाक्य तीनदा बोलायचा. शशीने सेव्गीला उत्तर पाठवलं, की अक्षर अवघड आहे, मित्राची नजर कमी झालीय, चूक झाली. ते मला वाचून दाखवलं. मी "ठीक आहे" म्हणाले.

जुलैमध्ये आम्ही चौघं विलन तलावावर गेलो होतो. छान ऊन पडलं होतं. नेजात बदकांकडे गेला होता. आयतेनने डबे उघडता उघडता एकदम शशीला विचारलं, "तुला नेजातमध्ये काही फरक वाटतो का?"

"कसला फरक?"

"घरी गप्प असतो. परवा बाथरूमचं दार सापडलं नाही त्याला. म्हणाला, झोपेत होतो. तू आठवड्यातून दोन दिवस त्याच्याबरोबर असतोस, डॉक्टर आहेस. तुला कळेल."

शशी म्हणाला, "मला तर काही वाटत नाही. माझ्यापेक्षा तल्लख आहे तो."

आयतेनने माझ्याकडे पाहिलं. ती सरळ बाई आहे, डोळ्यांत डोळे घालून बघते. माझ्या हातात थर्मास होता. मी म्हणाले, "वय झालंय आपलं सगळ्यांचंच."

ती हसली. सुटल्यासारखी हसली. "मी उगाच घाबरते," म्हणाली.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी साडेदहा झाले तरी नेजात आला नाही. शशी दोनदा दारात जाऊन आला. अकराला त्याने फोन लावला, वाजत राहिला. बाराच्या सुमारास आयतेनचा फोन आला. आधी मला वाटलं ती तुर्कीत बोलतेय, इतकं काही कळत नव्हतं.

ज्या राउंडअबाउटवरून, म्हणजे गोल चौकातून, तो सहा वर्षं आमच्याकडे वळत होता, तिथे तो उलट्या दिशेने शिरला होता. रस्त्याच्या उजव्या बाजूने, तुर्कस्तानात गाड्या चालतात तसा. चाळीस वर्षं त्याने या देशात गाडी चालवली होती. समोरून येणाऱ्या लहान गाडीत बेथनी नावाची चौतीस वर्षांची मुलगी होती. डेंटल नर्स, दोन मुलींची आई, कामावर निघालेली. ती हॉस्पिटलपर्यंत पोचली नाही. नेजातच्या दोन बरगड्या आणि मनगट मोडलं.

आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. शशीला पाहून त्याचा चेहरा उजळला. "कागद आणलेस?" म्हणाला. काय झालंय हे त्याला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो रडला होता, आणि दोन्ही वेळा तासाभराने विसरला होता. तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं आयतेनने ठरवलं.

चार दिवसांनी एक पोलीस अधिकारी बाई आमच्याकडे आली. तरुण होती, फार नम्र. नेजात इकडेच येत होता म्हणून नोंदीपुरतं विचारते म्हणाली. "गेल्या काही महिन्यांत त्यांच्या वागण्यात, लक्षात ठेवण्यात काही बदल जाणवला होता का?"

"काळजी वाटावी असं काही नाही," शशी म्हणाला.

तिने ते लिहून घेतलं. मी तिला बिस्किटं दिली.

तपासण्या झाल्या. आजार बराच पुढे गेलेला निघाला. नेजातवर खटला चालवता येणार नाही असं ठरलं आणि फेब्रुवारीत आयतेनने त्याला केअर होममध्ये ठेवलं, कारण तो पुन्हा पुन्हा गाडीच्या किल्ल्या शोधत दारात जायचा. मंगळवार-शुक्रवार आता शशी त्याच्याकडे जायचा. आयतेन दारापर्यंत सोडायला यायची आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "तू आहेस म्हणून मी उभी आहे."

तो घरी यायचा आणि जेवायचा नाही. पाच किलो वजन उतरलं. मेमध्ये चौकशीच्या कोर्टाची तारीख आली. मृत्यू कसा झाला याची चौकशी कॉरोनर करतो, तिथे पोलिसांना दिलेला शशीचा एका ओळीचा जबाब फक्त वाचला जाणार होता. त्याला जायचीही गरज नव्हती.

रविवारी दिया आली तेव्हा शशीने तिला सांगितलं की तो स्वतः जाऊन बोलणार आहे. दिया सॉलिसिटर आहे, कंपन्यांची कामं करते. तिने सगळं ऐकून घेतलं, ईमेलसकट.

"बाबा, लीगली तुझ्यावर काही ड्यूटी नव्हता," ती म्हणाली. "तो तुझा पेशंट नव्हता. पण पोलिसला तू आधी वेगळा सांगितलाय. आता तू जाऊन उलटा बोलणार? का? त्याने बेथनी परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग? आयतेन आंटीला किती हर्ट होईल, विचार केला का तू?"

"केला."

"आई, तू सांग ना त्याला."

मी काय सांगणार होते? मी म्हणाले, "त्याला जाऊ दे, दिया."

कोर्ट म्हणजे कौन्सिलच्या ऑफिसासारखी एक खोली होती, निळं कार्पेट, पाण्याचे जग. पुढच्या रांगेत बेथनीची आई बसली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. जांभळा कार्डिगन, मांडीवर एक वही. आयतेन दुसऱ्या बाजूला, तिच्या मुलाशेजारी. शशीला पाहून तिने हात केला. तिला वाटलं, तो तिला आधार द्यायला आलाय.

शशीने शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. यादी, बारा नावं, सेव्गीचा ईमेल, त्याने दिलेलं उत्तर. तलावावर आयतेनने विचारलं होतं आणि आपण काय म्हणालो होतो, तेही. पोलिसांना खोटं सांगितलं हेही. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. त्याचा आवाज वॉर्डातल्या राउंडसारखा होता, सपाट, एकेक लक्षण सांगावं तसा.

कॉरोनर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कुणाला का सांगितलं नाहीत?"

"त्याची गाडी बंद झाली असती. मग त्याचं येणं बंद झालं असतं."

"आणि ते तुमच्यासाठी महत्त्वाचं होतं?"

"हो. खूप."

घरच्यांना काही विचारायचं आहे का, असं त्यांनी बेथनीच्या आईला विचारलं. ती उभी राहिली. वही उघडली नाही. रागही नव्हता तिच्या आवाजात, खरोखरच कळत नव्हतं तिला.

"तुमच्याकडे गाडी आहे?"

"आहे," शशी म्हणाला.

"किती लांब राहतात ते तुमच्यापासून?"

"गाडीने अकरा मिनिटं."

"मग तुम्ही त्यांना आणायला का गेला नाहीत?"

सहा वर्षांत, निदान त्या शेवटच्या आठ महिन्यांत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो अकरा मिनिटं जाऊन अकरा मिनिटांत परत येऊ शकला असता. कुणाला काही सांगायचीसुद्धा गरज पडली नसती. मीही जाऊ शकले असते. पोहे झाकून ठेवून.

"मला सुचलं नाही," शशी म्हणाला.

ती "थँक यू" म्हणून खाली बसली.

बाहेर पार्किंगमध्ये आयतेनने आम्हाला गाठलं. तिचा मुलगा तिला मागे ओढत होता. ती शशीकडे नाही, माझ्याकडे आली.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला दोघांना विचारलं होतं. तूही डॉक्टर आहेस."

"आयतेन..."

"मी विचारलं होतं, सुप्रभा."

त्या शुक्रवारी शशी केअर होममध्ये गेला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने ओशाळून सांगितलं की पत्नीच्या इच्छेनुसार आता फक्त घरच्यांनाच आत सोडतात.

शशीने बेथनीच्या आईला पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, चौथं पाठवलं. उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. टेबलावरचे नकाशे त्याने घड्या घालून खोक्यात भरले, सगळं टिपण सेव्गीला पाठवलं आणि सोबत लिहिलं की खलाशी एक्केचाळीसच आहेत, बाकीची चूक माझी. ती भली मुलगी आहे. काही छापलं तर दोघांची नावं घालीन म्हणाली. शशी म्हणाला, नेजातचं घाल.

मग आम्ही पुन्हा मोठ्या टेबलावर जेवायला लागलो. मला वाटायचं, आता पुन्हा तो सोफ्यावर बसून राहील आणि मला कपाटाला कुलूप लावावं लागेल. तसं झालं नाही. तो बाहेर जायचा, रेडवेवरून, गावातल्या लाल पायवाटांवरून, चालत राहायचा, तास तास. पावसातसुद्धा. परत आला की बूट काढताना मी विचारायचे, "कुठवर गेला होतास?" तो त्या केअर होमच्या अलीकडच्या एखाद्या जागेचं नाव घ्यायचा.

नेजात जानेवारीच्या अखेरीस गेला. निमोनिया झाला होता. आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, हॉस्पिटलातल्या एका जुन्या नर्सकडून. शशी जिन्याच्या पायरीवर बसला. निमोनिया म्हणजे त्याचंच काम. चाळीस वर्षं त्याने तेच केलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी फोन वाजला. आयतेन होती. पूर्वी जसा आवाज होता तसा नव्हता, पण ओळखू आला.

"रविवारी चाळिसावा दिवस आहे," ती म्हणाली. "आमच्यात प्रार्थना असते. दुपारी दोनला." तिने हॉलचा पत्ता सांगितला.

"आम्ही यावं का?" मी विचारलं.

"शेवटी शेवटी त्याला माझं नाव आठवायचं नाही," ती म्हणाली. "पण आठवड्यातून दोनदा सकाळी कोट घालून बसायचा. कुठे जायचंय विचारलं तर सांगता यायचं नाही. नर्स म्हणायच्या, आज कोट घातलाय म्हणजे मंगळवार असेल. मी तुम्हाला माफ केलंय म्हणून बोलावत नाहीये. मला माहीत नाही मी का बोलावतेय."

आम्ही गेलो. गाडी मी चालवली. हॉलमध्ये साठेक माणसं होती, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. शशी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसला. एक म्हातारे गृहस्थ कुराणातलं वाचत होते, मग दुसरे काही गात होते, संथ, दीर्घ. मला शब्द कळत नव्हते. माझ्या शेजारची मुलगी रडत होती, तिने मला टिश्यू दिला.

नंतर हलवा वाटला. रव्याचा होता, आपल्या शिऱ्यासारखाच, जरा जास्त भाजलेला. एका बाईने शशीच्या हातात वाटी दिली. शेजारच्या माणसाने त्याला विचारलेलं मला ऐकू आलं, "तुम्ही नेजातभाईंना कसे ओळखायचात?"

"आम्ही एकत्र काम करायचो," शशी म्हणाला.

"हॉस्पिटलात?"

"हो. हॉस्पिटलातही."

तो माणूस मान हलवून दुसऱ्याशी बोलायला लागला. शशीने हलवा सगळा खाल्ला. चमचा वाटीत ठेवला, आणि वाटी कुठे ठेवायची ते न कळल्यासारखा हातात धरून बसून राहिला.

निघताना आयतेन दारात उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात हातात घेत. शशीचा हात तिने घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातात एक डबा दिला, झाकण रबरबँडने बांधलेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि मागच्या माणसाकडे वळली.

गाडीत शशी डबा मांडीवर धरून बसला. डबा अजून गरम होता. घरी जायचे दोन रस्ते आहेत, जवळचा त्या राउंडअबाउटवरून जातो. मी लांबचा घेतला.